तिसरं पेडल

दिराच्या गॅरेजच्या दारातच वहिनींनी गाडीत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पायाशी दोनाच्या जागी तीन पेडलं होती.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत?"

दीर चिंधीला हात पुसत पुढे आला. "क्लच. तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स संपला होता. काढून हाताच्या गिअरचा बसवला. आता चिंताच मिटली."

"गिअर घसरतो तेवढं बघा म्हटलं होतं मी. गाडी बदला म्हटलं नव्हतं."

"आईला विचारलं. ती हो म्हणाली."

"आईंनी कधी गाडी चालवली?"

वहिनींचा डावा घोटा जिन्यावरून पडल्यापासून आखडला होता, तो वाकतच नसे. म्हणून तर नवऱ्याने शोधून शोधून ही गाडी आणली होती. डाव्या पायाला कामच नाही, उजव्याने सगळं भागतं. तो गेला, आणि पुढे या जुन्या गाडीनेच घर धरून ठेवलं. वहिनी पडदे शिवायच्या, गठ्ठे मागच्या सीटवर टाकून दुकानादुकानांत पोचवायच्या. कुणाची वाट पाहणं नाही, कुणाचे उपकार नाहीत. अशा बाईच्या गाडीला क्लच बसवायचा म्हणजे गाडी काढूनच घ्यायची की!

"दाबून तर बघा," दीर म्हणाला. "लोण्यासारखा आहे."

वहिनी बसल्या. घोटा वाकेना, म्हणून मांडीतून जोर लावला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि कळ पार कमरेपर्यंत आली.

"सवयीने जमेल."

"हाड सवयीने वाकत नाही, भाऊजी. सरळ सांगा ना, गाडी हवी आहे म्हणून. हे गेल्यापासून तुमचा डोळा आहे तिच्यावर."

"माझा? दारात गाड्यांची रांग लागलीय माझ्या, या खटाऱ्यावर कशाला डोळा ठेवू? आणि तुम्हाला कुठं अडलंय? मी आहे ना चालवायला. म्हणाल तिथं सोडीन."

"म्हणजे तुम्हाला सवड होईस्तोवर मी गठ्ठे घेऊन दारात बसू? नको ते. जुना गिअरबॉक्स परत बसवा."

"भंगारात गेला," दीर म्हणाला. म्हणताना त्याने वहिनींकडे पाहिलं नाही.

गाडी घरी त्यालाच आणावी लागली. वहिनी मागे बसल्या, पुढे नाही. अंगणात भिंतीकडे तोंड करून त्याने गाडी लावली, हाताच्या सवयीने पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि उतरला.

"चावी," वहिनींनी हात पुढे केला.

"काय करणार चावीचं?"

"लोणचं घालीन."

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. "अगं, त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं."

"आई, माझं भलं करायचं तर मला विचारून करा. तुम्ही दोघांनी आपसात नका वाटून घेऊ."

सासूबाई घुश्शात आत गेल्या. त्या रात्री घरात भांडी तेवढी बोलली.

सकाळी वहिनींनी भाड्याचा ड्रायव्हर बोलावला. दिराच्या हाताला गाडी लागू द्यायची नाही, यावर त्या ठाम होत्या. ड्रायव्हर येईपर्यंत त्यांनी रोजचंच केलं. बाहेरूनच खिडकीतून हात घालून चावी फिरवायची, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि तोवर गठ्ठे भरायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. गाडीनेही कधी दगा दिला नव्हता.

चावी फिरली आणि गाडीने झेपच घेतली. वहिनींचा हात खिडकीत अडकला, त्या दोन पावलं फरफटल्या. समोर भिंतीशी सासूबाईंची उन्हात बसायची खुर्ची होती. भिंत आणि बंपर यांच्यामध्ये तिचा चुराडा झाला आणि इंजिन आचके देत बंद पडलं.

खुर्ची रिकामी होती. सासूबाई चष्मा आणायला आत गेल्या होत्या. देवाने राखलं म्हणतात ते असं, एका चष्म्याच्या निमित्ताने.

निरोप मिळताच दीर धावत आला. त्याने आधी आईला चाचपलं, मग वहिनींचा सोललेला हात पाहिला, मग खुर्ची.

"क्लच न दाबता चावी कुणी फिरवली?" तो ओरडला.

"मी. रोज फिरवते तशी. आजपर्यंत हलली नव्हती ती!"

"तिला स्विच होता म्हणून. गिअरमध्ये असली की सुरूच व्हायची नाही."

"मग तो कुठं गेला?"

दीर वाकून बंपरवरचा चुरा झटकू लागला.

"अरे, ती काय विचारतेय?" सासूबाई म्हणाल्या.

"जुन्या गिअरबॉक्सबरोबर निघाला. क्लचला दुसरा लावायचा असतो. मी नुसत्या वायरी जोडल्या."

"लावला असतास तर?"

"तर गाडी जागची हलली नसती."

सासूबाई मोडलेल्या खुर्चीकडे बघत राहिल्या. "याला हो म्हटलं होतं होय मी?" त्या हळूच म्हणाल्या, आणि मग आवाज चढला. "गाडी होती तशी करून दे तिला. आजच्या आज."

"नाही करता येत."

"भंगारात गेला ना तो," वहिनी कडवटपणे म्हणाल्या.

"नाही गेला. गॅरेजात बाकाखाली पोत्यात आहे." दिराचा आवाज एकदम उतरला. "मला ऑटोमॅटिक उघडता येत नाही, वहिनी. कधीच येत नव्हतं. हाताचा गिअर मी डोळे मिटून बसवीन. तो उघडला आणि आत काय बघायचं तेच कळेना."

"मग त्याच दिवशी सांगायचं होतं."

"तुम्ही हसला असता."

"हसले असते. पोट धरून हसले असते. आणि गाडी त्या पलीकडच्या डॉक्टरकडे नेली असती."

डॉक्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांचा मेकॅनिक. दिराने त्याची टिंगल करायची संधी कधी सोडली नव्हती. हातमोजे घालून नट फिरवतो म्हणून हे नाव यानेच ठेवलेलं.

"आता न्या," वहिनी म्हणाल्या. "चालवणार तुम्हीच, मला काय येतंय! वाटेत गॅरेजवरून ते पोतं डिकीत टाका."

"ड्रायव्हर बोलावलाय ना तुम्ही?"

"त्याला पाठवते परत. पोत्यात काय आहे, ते तो काय सांगणार तिथं?"

दिराने आईकडे पाहिलं. सासूबाई गाडीत जाऊन बसल्या, मागे, सुनेच्या शेजारी. पुढची सीट रिकामीच राहिली.

डॉक्टरच्या फाटकाशी गाडी थांबली. त्याने बंपर पाहिला, तीन पेडलं पाहिली, डिकीतलं पोतं पाहिलं आणि मिशीत हसला. "काय मिस्त्री, आज इकडे कुठं वाट चुकलात?"

दीर वहिनींकडे वळला. त्यांनी सांगावं, अशी त्याची अपेक्षा असावी. वहिनी सोललेल्या हातावर फुंकर घालत राहिल्या.

"हे..." दिराने घसा खाकरला. "हे मला येत नाही. बसवून दे. आणि स्विच आधी बघ."

डॉक्टरचं हसू विरलं. त्याने हातमोजे चढवले. "उचला मग एका बाजूने."

दोघांनी पोतं उचललं. वहिनी काचेतून बघत होत्या. दीर आत गेल्यावर सासूबाई पुटपुटल्या, "एक शब्द तरी बोल त्याच्याशी."

"बोलेन," वहिनी म्हणाल्या. "तिसरं पेडल निघू दे आधी."