तोतारामच्या घरचा जांभळा दिवा

माझा धाकटा भाऊ तोताराम याला जगात दोनच गोष्टी कळतात, कापूस आणि वांग्याचं भरीत. तिसऱ्या गोष्टीवर तो फोनवरून बोलू लागला की मी भुसावळहून पहूरला जायला पिशवी भरते. या खेपेस तिसरी गोष्ट होती भुयारी मेट्रो.

त्याची मुलगी कामिनी मोठ्या शहरात नोकरी करते. जमिनीखालच्या स्टेशनांवर फिरायचं आणि हवेतली धूळ मोजायची, हे तिचं काम. सुट्टीला ती घरी आली आणि माझ्या भावजयीनं, लताबाईनं, तिचं कामाचं जॅकेट धुवायला घेतलं. बादलीतलं पाणी काळंकुट्ट झालं. तोतारामनं तळाचा गाळ वाळवला, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यावर धरलं, आणि गाळ टुणकन चुंबकाला चिकटला. झालं. ते चुंबक खिशात घालून हा शहाणा गावभर दाखवत फिरला.

मी ओसरीवर टेकले नाही तोच त्यानं ते माझ्या नाकापुढं धरलं.

"अक्का, पोरगी लोखंड हुंगून राह्यली तिथी. संक्रांतीनंतर मी तिले जाऊ देनार नाही. जिथी एवढी धूळ, तिथी आपल्या घरची बाई नाही पायजे. तू समजाव तिले, तू रेल्वेवाली हायेस."

माझा नवरा जन्मभर रेल्वेत होता, म्हणून रेल्वेच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. मला त्यातलं काडीचं कळत नाही, पण ते मी कशाला सांगू? मी गंभीर चेहरा करून कामिनीला बोलावलं.

तिनं मलाच समजावलं. चाकं रुळांना घासतात, ब्रेक चाकांना घासतात, त्यातून लोखंडाची भुकटी उडते. उघड्यावर वारा ती घेऊन जातो. भुयारात वारा कुठला? प्रत्येक गाडी ती धूळ पुढं ढकलते आणि फलाटावर आणून सोडते. म्हणून हवा मोजायची. यंत्रावर हिरवा दिवा म्हणजे चांगली, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे वाईट. लाल आला की पंखे वाढवायला सांगायचं, रूळ धुवून घ्यायचे. जांभळा म्हणजे तिथं थांबूच नये.

"आबा, मी तिथं मास्क लावून जाते. आणि मी गेले नाही तर लाल दिवा कोणाला दिसणार?" ती बापाला म्हणाली.

"दुसऱ्याच्या पोरीले दिसन," तोताराम म्हणाला.

कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, आणि बापाशी भांडून जायचं तिच्या जिवावर येत होतं. मला भावाचा असा राग आला की चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी वावरात भरिताचा बेत होता. तोतारामला हुक्की आली, कामिनीला म्हणाला, सोबत आणलेलं ते हवा मोजायचं यंत्र घे, खरी हवा कशी असते ते त्याला पाहू दे. बांधावर हिरवा दिवा लागला. तोताराम असा फुगला, जणू हवा त्यानंच पेरली होती. मग त्यानं पऱ्हाट्यांचा ढीग रचला, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, त्यावर वांगी मांडली आणि काडी लावली. धूर आमच्याकडं वळला. यंत्र पिवळं झालं, लाल झालं, मग जांभळं होऊन टीं टीं ओरडू लागलं.

शेजारचा उखर्डू हसून हसून बांधावर बसला. "तोताभाऊ, वांग्यात लोखंड हाये काय?"

"यंत्र बिघडलं," तोताराम म्हणाला. "अन् भरीत काही रोज नाही व्हत."

"मग रोज होतं ते मोजू," कामिनी म्हणाली. तिला बापाची थोडी जिरवायची होती, एवढंच.

घरी लताबाई चुलीपुढं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती. घरात गॅस आहे, पण तो चहापुरता. गॅसवरची भाकर म्हणजे पुठ्ठा, असं तोतारामचं मत, आणि घर त्या मतावर चालतं. कामिनीनं यंत्र आईशेजारी पाटावर ठेवलं. ते जांभळं होऊन वावरातल्यापेक्षाही जोरानं ओरडलं. कामिनीचं हसू मावळलं.

लताबाईनं भाकरी उलटली आणि खोकत खोकत विचारलं, "तुह्या भुयारात एवढं राह्यते काय वं?"

"नाही गं आई. एवढं कधीच नाही."

लताबाईनं हात झटकले आणि दाराशी उभ्या नवऱ्याकडं पाहिलं. "जिथी धूळ, तिथी आपल्या घरची बाई नाही पायजे. तुमीच म्हनले ना? मंग पोरीसंगं मलेबी जाऊ द्या. तिथली हवा बरी हाये."

तोतारामनं माझ्याकडं पाहिलं. मी रेल्वेवाली या नात्यानं निकाल दिला, की दोघींची तिकिटं काढ.

संक्रांत झाली आणि मायलेकी खरंच गेल्या. मी पहूरला राहिले, पण स्वयंपाक करणार नाही असं आधीच बजावून. दोन दिवस तोताराम उखर्डूकडं जेवला. मग लाज वाटली असेल, त्यानं स्वतः चूल पेटवली. पऱ्हाट्या दमट होत्या. फुंकणी फुंकून तो लालबुंद झाला, भाकरी तव्यावर टाकताना तुटली, घर धुरानं भरलं. नेमका तेव्हा लताबाईचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"अक्का, मी खाली टेशनात बसली हाये. पोरगी मोजून राह्यली. आज पिवळा दिवा हाये. तुमच्याकडं कोनता?"

तोताराम बोलायला गेला आणि त्याला खोकला आला. थांबेचना. पलीकडं लताबाई ऐकत होती.

"राहू द्या, कळला दिवा," ती म्हणाली. "मी अशीच खोकत व्हती. तुमी ओसरीवरून इचारत व्हते, भाकर झाली काय म्हून."

माझ्या भावाला फार वाईट वाटलं, आणि मलाही, कारण ओसरीवर त्याच्या शेजारी बसून मीही कितीदा भाकरीची वाट पाहिली होती. त्यानं तांब्या उचलला आणि चुलीत ओतला.

"लता," तो म्हणाला. लग्नापासून आजवर माझ्यासमोर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "पोरीले म्हनाव, नोकरी कर. अन् तू पायजे तेवढी राह्य तिथी. फकस्त हा गॅस कसा पेटवतात, तेवढं आत्ता सांग."