बसलेल्या माणसाची कंबर

"आजोबा, कसे झालेत आमचे वाफे?" चष्मेवाली मुलगी मातीचे हात पँटला पुसत म्हणाली.

सुतारसरांनी व्हरांड्यातली एक रिकामी व्हीलचेअर ढकलत आणली आणि स्वतःच तिच्यात बसले. पायांवर उभ्या केलेल्या, मातीने काठोकाठ भरलेल्या लाकडी वाफ्यांतली समोरची पेटी त्यांच्या हनुवटीला आली.

"मातीत हात कसा घालू गं? फळी हनुवटीला लागतेय."

मुलांचे चेहरे उतरले. चार रविवार ती कॉलेजची पोरं वृद्धाश्रमाच्या या अंगणात राबली होती. आज चार वाजता इथले आजी-आजोबा आपल्या हाताने रोपं लावणार होते.

"कागदावर 'कमरेइतकी उंची' लिहिलं होतं," सगळे ज्याला कॅप्टन म्हणत तो उंच मुलगा म्हणाला. "आम्ही नीट मोजली."

"कुणाची?"

"माझी."

एकच हशा पिकला. सरही हसले. "अरे बाबा, बसलेल्या माणसाची मोजायची! इथे उभं कोण राहतंय?"

"पुढच्या रविवारी दुरुस्त करू, आजोबा. आत्ताच तीन वाजलेत."

सरांनी व्हरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. "सात नंबरच्या खोलीत माझी बायको आहे. झटका आल्यापासून, पाच महिने झाले, बाहेर आलेली नाही. लुळा हात लोकांनी बघायला नको म्हणते. आज सकाळी आपणहून म्हणाली, एक रोप मी लावणार. पुढच्या रविवारी म्हणेलच असं नाही."

चष्मेवालीने कॅप्टनकडे पाहिलं. "घमेली आण रे! एक पेटी तरी करूच."

मग काय विचारता! घमेली हातोहात फिरली, भराभर माती निघाली, पेटी उलटी झाली. सरांनी खुर्चीत बसून कोपराची उंची मोजून घेतली आणि चारही पायांच्या टोकांपासून दोन वितींवर पेन्सिलीने खुणा केल्या. मग करवत उचलली. शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला हात. पण आता पातं खुणेवर टिकेना. दोनदा घसरलं. मुलं उगाचच इकडेतिकडे बघू लागली.

"ये गं, तू धर," सरांनी करवत चष्मेवालीच्या हातात दिली.

"मी? मी साधा खिळापण ठोकलेला नाही!"

"उत्तम. वाईट सवयी नसतील. दाबायचं नाही हं. ढकलताना ती कापते, ओढताना नुसती मागे येते. घाई आपल्याला आहे, करवतीला नाही."

करवत अडली, वाकडी गेली, पुन्हा खुणेवर आली आणि एकदम लयीत चालू लागली. पहिला तुकडा खाली पडताच टाळ्या कडाडल्या.

"माझा पाय मोडला तेव्हा कुणी नाही वाजवल्या," व्हरांड्यातून वॉकरवाल्या आजी ओरडल्या.

चौथा पाय कापला तेव्हा चारला दहा कमी होते. पेटी सुलटी केली, माती परत भरली, आणि तेवढ्यात सिस्टर सात नंबरमधून खुर्ची ढकलत आल्या.

अंगणातली गर्दी दिसताच सरांच्या बायकोने पदराखाली उजवा हात लपवला. "अहो," ती अडखळत म्हणाली, "परत चला."

चष्मेवालीने एकवार त्या पदराकडे पाहिलं.

"पाठ करा रे सगळ्यांनी! पटकन!"

पोरं गर्रकन वळली. वॉकरवाल्या आजीसुद्धा कुरकुरत वळल्या. सिस्टरनी खुर्ची पेटीला आडवी लावली. फळीचा काठ बरोबर कोपराखाली आला.

डाव्या हाताची बोटं मातीत शिरली. खड्डा झाला. सरांनी दिलेलं रोप बसलं, पण तिरकं. सवयीने सरांचा हात ते सरळ करायला पुढे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी लावलंय."

त्यांनी हात मागे घेतला.

"आजी, आता बघू का?" पाठमोऱ्या रांगेतून कॅप्टनने विचारलं.

"थांब रे," ती म्हणाली, आणि तिने नवऱ्यापुढे मातीने भरलेला तळवा पसरला. "दुसरं द्या."