पायऱ्या पाडणारा प्रिंटर

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल रहीम यांचा टायपिंग क्लास होता, आणि त्यांचा हट्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होता. कापसाने दगा दिल्यापासून खेड्यांतली मुलं कमी झाली होती. तरी उरलेल्यांना रोज नवा इंग्रजी उतारा मिळालाच पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यांची एकुलती एक मुलगी नगमा अमरावतीला कॉलेजात नोकरीला लागली, तेव्हा जाताना तिने क्लासच्या कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार-पाच ओळींच्या आज्ञा, लिहून दिली. कळ दाबली की स्क्रिप्ट उतारा निवडायची आणि थेट त्या करकरणाऱ्या म्हाताऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे पाठवायची. अम्मी गेल्यापासून अब्बा एकटेच. निदान या कामाची तरी त्यांना यातायात नको.

पहिलाच उतारा जिना उतरल्यासारखा छापला गेला. एक ओळ संपली की दुसरी तिच्या टोकाखालून सुरू, तिसरी कागदाबाहेर. खाली सरक एवढंच प्रिंटरला कळत होतं. डावीकडे परत ये, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नगमाने ते सांगणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली, उतारा सरळ आला, आणि ती निश्चिंत मनाने बसमध्ये बसली.

शनिवारी फोन. "बेटा, सोमवारपासून पुन्ना पायऱ्या पाडून राहिला तो. पोरं हप्ताभर उताऱ्याबिगर बसली."

ती धावत आली. पाहते तर ती ओळ गायब. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. नगमाने विजेवर आळ घेतला, केबलवर घेतला, अब्बांच्या बोटांवरही घेतला. इकडे मुलांची परीक्षा तोंडावर आलेली. क्लास बुडाला तर अब्बा खचतील, या धास्तीने तिने शेवटी राजीनामा लिहिला, पर्समध्ये ठेवला आणि एका बुधवारी न सांगता अकोला गाठलं.

क्लासमध्ये मशिनी खडखडत होत्या. प्रत्येकापुढे ताजा उतारा, आणि प्रत्येक ओळ समासाला धरून.

"कावून आली गं आज?" अब्बांनी दारातच विचारलं.

"नोकरी सोडून राहिली, अब्बा. या प्रिंटरपायी."

अब्बांचा चेहरा पार उतरला. ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. "तो बिघडत नाई," ते म्हणाले. "ते ओळ मीच काढतो, तू यायच्या आंधी. कागद सरकवला का कागदाची गाडी मागं आना लागते, हे टाइपरायटरवर जिंदगीभर शिकवलं मी. कोनती ओळ काढाची ते मले बरोबर समजते."

"मग सरळ बोलवाचं ना मले."

"बिनाकामानं कसं बोलवाव? तुले नोकरी हाये."

नगमाला राग आला, चांगला खणखणीत आला, आणि मग तो डोळ्यांवाटे वाहून गेला. अब्बांनी राजीनामा मागून घेतला, वाचला आणि फाडला. संध्याकाळच्या बसला ते स्वतः तिला सोडायला आले.

शनिवारी फोन वाजला.

"प्रिंटर चांगला हाये," अब्बा म्हणाले, आणि गप्प झाले. नगमा थांबली. या वेळी ती त्यांना मदत करणार नव्हती.

"तुई लय याद येते, बेटा," ते म्हणाले. "ये."