बाथरूम आतून बंद

(घर सोडताना भरून द्यायचा कागद. डावीकडे वस्तू छापल्या आहेत, उजवीकडे शेऱ्यासाठी दोन बोटं जागा. पुरत नाही. समासात लिहिते आहे.)

पलंग दोन, गाद्या तीन : आहेत. तिसरी गादी बाहेरच्या खोलीत जमिनीवर. माझे वडील, आप्पा, रात्री मध्येच उठतात आणि दार उघडून चालू लागतात. म्हणून तिन्ही दिवस दाराला पाठ लावून मी तिथे झोपले.

उशा, चादरी : मोजायच्या आहेत.

बाथरूम : आतून बंद. साडेनऊपासून. आत आप्पा आहेत. आता दहा वाजून पाच मिनिटं झाली. अकराला घर रिकामं करायचं, पुढचे लोक यायचे आहेत. आणि एकच्या आत आप्पांना वृद्धाश्रमात न्यायचं आहे. एकपर्यंतच खाट राखून ठेवणार, नंतर यादीतल्या पुढच्या माणसाला देणार. ही खाट मिळायला चौदा महिने लागले.

आप्पांना आम्ही हे सांगितलेलं नाही. तीन दिवस तळ्याकाठी राहू, त्यांना पाण्यात पाय सोडून बसू दे, मग बघू, असं ठरलं होतं. मग बघू म्हणजे आज.

गॅसची शेगडी : चालू आहे. बंदही होते. हे लिहिते, कारण आमच्या घरी गेल्या महिन्यात आप्पांनी दोनदा गॅस उघडा ठेवला. दुसऱ्यांदा घरात चिमणी एकटीच होती, झोपलेली. चिमणी माझी मुलगी. नऊ वर्षांची.

कप सहा : पाच. सहावा बाथरूमच्या दाराशी. त्यातला चहा गार झाला आहे. माझा नवरा दाराला कान लावून उभा.

"आप्पा, चहा ठेवलाय हो!"

आतून काही नाही. नुसती कुरकुर. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी.

"आप्पा, या घरात संडास एकच आहे. माझा जीव कंठाशी आलाय. जावयाची दया करा!"

कुरकुर थांबली. पुन्हा सुरू झाली.

"आत काय करतायत काय ते?" तो मला म्हणाला. "अगं, कुलूपवाल्याची पोर ना तू? तुला उघडता येत नाही?"

"त्यांनी आतून काहीतरी अडकवलंय. नाही जमणार."

"मग सुताराला फोन करतो."

"कर."

केला. सुतार बाराला येतो म्हणाला. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मी खुर्च्या मोजायला गेले.

खुर्च्या चार : चार. चौथीवर चिमणी. मुसमुसत.

"काय झालं गं?"

"आजोबा माझ्यामुळे आत बसलेत."

"तू काय केलंस?"

"काही नाही! सकाळी फक्त सांगितलं, की बाबा आज तुम्हाला पोचवणार आहेत."

शब्द नवऱ्याचा. काल भांडी विसळताना म्हणाला होता, "एकला आप्पांना पोचवू, चारला आपण घरी." त्याच्या मनात काही नव्हतं. मुलांना शाळेत पोचवतात, पार्सल पोचवतात. पण आप्पांच्या तोंडी माणसाला पोचवायची जागा एकच. त्यांचे मित्र एकेक करून गेले, तेव्हा ते स्मशानातून घरी येऊन एवढंच म्हणायचे, "पोचवून आलो."

"मग आजोबा काय म्हणाले?"

"म्हणाले, इतक्यात?"

पडदे, आरसा, केरसुणी, बादल्या : आहेत आहेत आहेत आहेत.

बाथरूम (पुन्हा) : वर लिहिलं आहे की नाही जमणार. ते खोटं आहे. आप्पांनी अडतीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. दुकानात फळीवर बसून मी अभ्यास करायची. असलं दार बाहेरून उघडायला चौकटीच्या फटीत सपाट पट्टी सरकवायची, कुलपाची जीभ मागे ढकलायची, बस. अर्धं मिनिट. आठव्या वर्षी शिकले मी. चिमणीच्या दप्तरात पट्टी आहे. ती तिथे आहे हे मला साडेनऊपासून माहीत आहे.

पण दार बंद आहे तोवर मी काही केलेलं नाही. आप्पा अडून बसलेत, हट्टाला पेटलेत, माझा नाइलाज आहे. नका उघडू, आप्पा. एक वाजू दे. खाट जाऊ दे. मग मी सगळ्यांना सांगेन, त्यांनी ऐकलंच नाही हो

होडी एक, वल्ही दोन : वापरली. घराची मागची भिंत थेट तळ्यात उतरते आणि बाथरूमची खिडकी त्या भिंतीत आहे. दहा वीसला नवरा म्हणाला, "निदान ते बरे आहेत का बघ. आवाज बंद झालाय." म्हणून गेले. होडी भिंतीवर दोनदा आपटली. तिसऱ्यांदा खिडकीचा गज हातात आला. उभी राहिले.

आप्पा स्टुलावर बसले होते, दारासमोर. हातात औषधाचा चमचा. चमच्याच्या दांडीनं ते कुलपाचा स्क्रू फिरवत होते. फिरवायची मूठ तुटून फरशीवर पडली होती. स्क्रूचं डोकं झिजून चकचकीत झालं होतं. ते उलटीकडे फिरवत होते. पाऊण तास ते स्क्रू आवळत होते.

अडून बसले नव्हते. बाहेर यायला धडपडत होते आणि लाजेनं हाक मारत नव्हते.

"आप्पा."

त्यांनी वळून पाहिलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"ठमे, तू पाण्यात काय करतेस?"

"तुम्हाला बघायला आले."

"हे कोणी बसवलंय गं? गाढवानं." मग अगदी हळू, जावयाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "कुठल्या बाजूला फिरवायचं?"

हा प्रश्न मी त्यांना विचारायची. ते वर न बघता म्हणायचे, डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट, किती वेळा सांगू. गजाचा गंज तळहाताला लागत होता.

"सांगते. आप्पा, आधी ऐका..."

"जावई मला कुठे नेणार आहेत?"

डॉक्टरकडे, असं सांगायचं ठरलं होतं. तपासणीला. दोन दिवसांसाठी. नवऱ्यानं माझ्याकडून ते गाडीत पाठ करून घेतलं होतं.

"वृद्धाश्रमात. तिथे राहायचंय तुम्हाला. कायमचं. जावई नाही, आप्पा. मी नेतेय. मी नाव घातलं होतं."

होडी मागे सरकली. दोन्ही हातांनी गज धरून ठेवले.

"तू येशील तिथे?"

"रविवारी."

"आणि रविवारी मी तुला ओळखलं नाही तर?"

"तरी येईन."

त्यांनी चमचा सदऱ्याला पुसला. मग उठले, खिडकीपाशी आले आणि गजांमधून चमचा माझ्या हातात ठेवला.

"मग मी नाही उघडायचो," म्हणाले. "मला न्यायचंय तर तू उघड. माझ्याकडून नको करून घेऊस."

वल्ही : एक भिंतीला लागून चिरलं आहे. आमच्याकडून.

पट्टी : यादीत नाही. चिमणीच्या दप्तरातून घेतली. दारापुढे बसले. नवरा म्हणाला, "जमणार नाही म्हणालीस ना?" मी त्याच्याकडे पाहिलं. तो चिमणीला घेऊन गाडीत सामान ठेवायला गेला.

अर्धं मिनिटही लागलं नाही.

आप्पा आत उभे होते. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. त्यांनी आधी चौकटीकडे पाहिलं. फटीच्या कडेनं अंगठा फिरवला, वरून खाली, गिऱ्हाइकाचं दार उघडून दिल्यावर फिरवायचे तसा.

"ओरखडा नाही," म्हणाले.

"आप्पा, ओरडा ना माझ्यावर."

"चांगलं काम केलंस तर कशाला ओरडू?"

ते पुन्हा स्टुलावर बसले आणि उजवा पाय पुढे केला. बूट घातलेले, नाड्या सुटलेल्या. नाड्या कशा बांधायच्या हे ते कोणत्या दिवशी विसरले, ते मला नक्की माहीत आहे. मी फरशीवर बसले. उजव्या पायाची बांधली. डाव्या पायाची बांधली. बाहेर गाडी सुरू झाली. अकराला चार मिनिटं होती. मी डाव्या पायाची सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.