खुंटी ठोकण्याआधी

"वहिनी, मारा वेल्डिंग आणि सोडा. ट्रक उभा आहे."

धाकटा दीर आमच्या खात्याचा सुपरवायझर. स्वारी कायम घोड्यावर बसून आलेली.

मी पुढ्यातला दातेरी शंकू पुन्हा हाताने फिरवला. फिरत होता, पण मध्येच डगमगत होता. आत एक गोळी कमी होती.

बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या टोकाला जे बिट बसतं, ते आमच्या कारखान्यात बनतं; त्याला असे तीन शंकू असतात. शंकू आसावर चढवायचा आणि आसातल्या भोकातून आतल्या खाचेत पोलादी गोळ्या सोडायच्या. त्यांच्यामुळे तो फिरतो आणि निसटतही नाही. मग भोकात खुंटी ठोकून मी वेल्डिंग करते. त्यानंतर आतलं कोणालाच दिसत नाही. खाली खडकात शंकू निसटला, की अख्खा बोअर वाया.

गोळ्या भरतात आमचे हे. जन्म गेला त्यात. हल्ली मात्र विसरतात. परवा मला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. कमी पडलेली गोळी मी आजवर गुपचूप भरत आले, पण आज भावजी डोक्यावर उभे होते.

"गोळी कमी आहे, भावजी."

"हळू बोला. दादाला कळलं तर खचेल तो. एका गोळीनं काही आभाळ कोसळत नाही."

"दया दाखवायची तर घरी येऊन दाखवा."

"तुमच्याच नवऱ्याची अब्रू जाईल."

माझं डोकंच फिरलं. "अब्रू झाकायला मी वेल्डिंग शिकले नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

हे वळले. "कमी आहे का गं?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधी बोलणार नाही. मग ते उठले. बिट आडवं करून भोक खाली घेतलं आणि शंकू फिरवत गोळ्या ताटलीत पाडल्या.

"उद्यापासून माझ्या जागी दुसरा बघ," ते भावाला म्हणाले. "हा मात्र मीच भरणार. कोणी हात लावायचा नाही. हिनंसुद्धा."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"वाजवू दे त्याला," हे म्हणाले आणि मोठ्याने मोजत गोळ्या सोडू लागले. मध्येच अडखळले. सगळ्या परत पाडल्या आणि नव्याने सुरुवात केली. पुन्हा अडखळले. भावजी पुढे सरसावले, तशी मी आडवी उभी राहिले.

माझ्या पाठीमागे हे पुन्हा एकपासून मोजत होते.