केवळाबाईच्या पदराखाली

मित्रांनो, माझ्याकडे पाहून मी कधी विमानात होते असं तुम्हाला वाटणार नाही. ओंजळीत मावेल एवढी मी विजेची जुनी मोटर आहे. माझा काळा रंग पोपडे धरून गळून गेला आहे. पोटात दातेरी चाकं आहेत आणि पुढे आट्यांचा एक दांडा आहे. वीज दिली की दांडा पुढे सरकतो, उलटी दिली की मागे येतो. जन्मभर मी एवढंच काम शिकले.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात, महायुद्धाच्या धामधुमीत झाला. एका लढाऊ विमानाची छोटी झडप उघडणं आणि मिटणं हे माझं काम होतं. युद्ध संपलं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी सिकंदराबादच्या भंगार बाजारात ढिगावर येऊन पडल्या. तिथून मला पिंगळी गावच्या भुजंगनं उचललं.

भुजंग पूर्णेला रेल्वेत डब्यांचे दिवे आणि पंखे दुरुस्त करायचा. युद्धाच्या दिवसांत आभाळातून विमानं जायची, तेव्हा हा हातातलं काम टाकून रुळावर उभा राही. आपणही एक लहानसं, एका माणसाचं विमान बांधायचं, हे वेड त्यानं तेव्हाच घेतलं. मोटारसायकलचं एक जुनं इंजिनही मिळवून ठेवलं. पण एक दिवस डबे जोडले जात असताना त्याचा उजवा पाय चाकाखाली गेला. मांडीपासून पाय कापावा लागला. नोकरी सुटली आणि कुबडी घेऊन तो पिंगळीला परत आला.

इंजिन विकून टाकावं म्हणाला, तर धाकटा भाऊ रायभान आडवा पडला.

"दादा, इमान सोडायचं न्हाई. तू सांग, म्या बांधतो."

रायभान शेतकरी माणूस. त्याला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भावाच्या शब्दावर तो देवदाराच्या पट्ट्या तासत बसे. भुजंगची बायको केवळाबाई पंखांवर मांजरपाट ताणून शिवायची. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपरात ते विमान हळूहळू आकार घेऊ लागलं.

अडचण एकच होती. विमानाच्या शेपटीवर एक उभी फळी असते. ती डावी-उजवी करून विमानाचं तोंड सरळ ठेवायचं असतं, आणि ते काम दोन्ही पायांनी करतात. भुजंगला एकच पाय. म्हणून त्या पायाचं काम करणारी मोटर त्याला हवी होती.

त्यानं बाजेवर आम्हा तिघींना मांडलं. एक रेल्वेच्या पंख्याची मोटर, एक कुण्या जहागीरदाराच्या गाडीची काच पुसणारी, आणि मी. त्यानं आम्हाला तागडीत तोललं. शेपटीच्या फळीला वाळूची पिशवी टांगून आम्हाला ती ओढायला लावली. मग प्रत्येकीच्या अंगावर तळहात ठेवून कोण किती तापते ते पाहिलं. पंख्याची मोटर जोरकस होती, पण जड. काच पुसणारी हलकी होती, पण तिला एकाच बाजूला फिरणं ठाऊक. मी दोन्ही बाजूंना फिरले, टोकाला गेले की आपली आपण थांबले, आणि बटण सोडताच होते तिथे घट्ट राहिले. वारा रेटेल तशी त्यानं हातानं फळी मागे ढकलली, तरी माझा दांडा हलेना.

"हीच," भुजंग म्हणाला. मित्रांनो, मला निवडलं गेलं ते आयुष्यात तेवढं एकदाच.

मग बटणं आली. घरगुती दिव्याचं बटण पहिल्याच ठिणगीला वितळून चिकटलं. ते त्यानं लांब भिरकावलं.

"आभाळात असं चिकटलं तर फळी एका अंगाला जाऊन बसंल आन् माणूस खाली येईल," त्यानं रायभानला समजावलं, आणि जाड तांब्याच्या टोकांची बटणं शोधून आणली. तार बारीक घेतली तर तापायची, जाड घेतली तर वजन वाढायचं. त्यानं मधली घेतली. रायभाननं कुठूनतरी लॉरीची बॅटरी खांद्यावर घालून आणली.

"दादा, लय दमदार हाय!"

"हाय की. पण इंजिनानं मला उचलायचं का हिला?" भुजंग हसला. "मोटर सारखी थोडीच चालायलीय? टिचकीभर वीज पुरती तिला. मोटारसायकलची बॅटरी बस झाली."

पाय गेल्यापासून तो असा हसला नव्हता. केवळाबाई सुई थांबवून त्याच्याकडे पाहत राहिली.

संक्रांत होऊन गेली आणि विमान मोकळ्या रानात आलं. इंजिन कसं चालतंय ते पाहण्यासाठी आधी रायभाननं ते जमिनीवरच फिरवून पाहिलं. त्याच्यासाठी शेपटीची फळी पायांनी फिरवायच्या पायपट्ट्या बसवलेल्या होत्या. मग शेपटीच्या तारा पायपट्ट्यांवरून काढून माझ्या दांड्याला जोडल्या आणि भुजंग आत बसला. धुरळा उडाला, चाकं दगडांवरून खडखडली, आणि एकाएकी खडखड थांबली. आम्ही जमिनीवर नव्हतो! माणूसभर उंचीवरून आम्ही बांधापर्यंत गेलो. वारा तोंड फिरवू पाहत होता, भुजंगचं बोट बटणावर पडत होतं आणि मी फळी सावरत होते. रायभान खालून धोतर सावरत धावत होता आणि ओरडत होता, "दादा उडाला! वैनी, दादा उडाला!"

त्याच वेळी रुळावरून गाडी जात होती. डब्यातल्या लोकांनी ते पाहिलं आणि बातमी पसरली.

१९४८ साल होतं. निझामाच्या मुलखात दिवस फार वाईट आले होते. सरहद्दीपलीकडून हत्यारं येतात, असा सरकारला संशय होता. साध्या बैलगाडीचीही झडती व्हायची, तिथे विमानाची काय कथा!

दोन-चार दिवसांनी पोलिसांची गाडी रानात शिरली. धूळ गेली म्हणून भुजंगनं मला खोलून, पुसून बाजेवर ठेवलं होतं. शेपटीच्या तारा तेवढ्यापुरत्या पायपट्ट्यांना बांधलेल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकताच केवळाबाईनं मला उचललं आणि पदराखाली पोटाशी धरलं. का धरलं, ते त्या घटकेला तिलाही ठाऊक नसावं.

"ये जहाज़ किसका है?" पोलिसांचे फौजदार, अमीनसाहेब, यांनी विचारलं.

भुजंग कुबडीवर उठू लागला, तेवढ्यात रायभान पुढे झाला. "माझं हाय, साहेब."

"खोटं बोलायलाय त्यो!" भुजंग ओरडला. "माझं हाय. म्या बांधलं, म्याच उडवलं."

अमीनसाहेबांनी पायपट्ट्यांकडे पाहिलं, मग त्याच्या कुबडीकडे. "एक टाँग से?"

"पायाचं काम मोटर करती, साहेब! ती बगा, तितं बाजेवर..."

बाज रिकामी होती. भुजंग इकडेतिकडे पाहू लागला. "केवळे, मोटर कुटंय?"

मित्रांनो, मी तिच्या पोटाशी होते. तिचं काळीज माझ्या लोखंडावर धडधडत होतं. रायभाननं तिच्याकडे पाहिलं. पदराखालचा उंचवटा त्याला दिसला असावा. त्यानं हळूच मान हलवली. नको, असं नजरेनंच सांगितलं. केवळाबाईनं नजर खाली घातली आणि मला आणखी घट्ट आवळलं.

रायभानला घेऊन गाडी गेली. विमान दोन बैलगाड्यांवर घालून नेलं. मग केवळाबाईनं मला बाजेवर ठेवलं.

"तुज्यापाशी व्हती?" भुजंगनं कुबडी टेकत बाजेपाशी येऊन विचारलं.

"भावजींला दोन पाय हायत," ती म्हणाली. "त्ये सोसतील. तुमाला तितं कोण उठवलं असतं, कोण बसवलं असतं?"

भुजंगनं मला आणि उसन्या आणलेल्या बॅटरीला पिशवीत घातलं आणि चौकी गाठली. पुढे कितीदा तरी गाठली. प्रत्येक वेळी तो मला टेबलावर ठेवी, तारा जोडी, माझा दांडा पुढे-मागे करून दाखवी. "बगा साहेब, हाच माजा पाय." शिपाई गंमत पाहायला जमायचे. भावाला सोडवायला आता नवी गोष्ट घेऊन आलाय, म्हणायचे. त्या दिवशी बाजेवर मी दिसले असते तर पुरावा ठरले असते. आता मी नुसतं खेळणं होते.

रायभानला लांबच्या तुरुंगात ठेवलं होतं. उन्हाळ्यात तिथे तापाची साथ आली. रायभान त्या तापात गेला. निरोप आला तेव्हा भुजंग उंबऱ्यात बसला होता. केवळाबाईनं टाहो फोडला. तो रडला नाही. म्हणाला,

"तू मला वाचवलंस, केवळे. आता ह्या वाचलेल्याचं काय करू, तेबी सांग."

ती उठली आणि तिनं मला पिशवीतून काढून कोनाड्यात ठेवलं.

पावसाळा सरता सरता निझामाचं राज्य गेलं. गावात तिरंगा लागला. चौकीच्या आवारात तुझं विमान सडायलंय, घेऊन ये, असं लोकांनी भुजंगला सांगितलं. तो गेला नाही. पुढे गावात वीज आली तशी पिठाच्या गिरणीची वीजजोडणी, कुणाचा रेडिओ, कुणाचा पंखा, अशी कामं तो करत राहिला. मला पुन्हा त्यानं हात लावला नाही.

मी कोनाड्यात आहे. दर खंडेनवमीला केवळाबाई मला पुसते, तेलाचं बोट लावते, हळदीकुंकू वाहते. भुजंग तेवढा वेळ बाहेर जाऊन बसतो. एका घरात दोघं राहतात, ती ताट वाढते, तो जेवतो, आणि घरात फक्त भांडी वाजतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन यंत्रं बांधाल. प्रत्येक भाग तोलून पारखून घ्या, आणि त्याच्या ताकदीपलीकडचं ओझं त्याच्यावर घालू नका. माझी मात्र तुमच्याकडे वेगळीच विनवणी आहे. त्या दिवशी केवळाबाईवर पडलेलं ओझं कुठल्याही तागडीत मावणारं नव्हतं, आणि ती ते एकटीच वाहते आहे. कधी पिंगळीला आलात तर तिच्या दारात थांबा आणि विचारा, "मावशी, तुमी जेवलात का?"

भुजंगनं अजून विचारलेलं नाही.