डॉक्टरांच्या घरचं मशीन

आमच्या भागात माझ्या नवऱ्याला सगळे डॉक्टर म्हणतात. बिघडलेल्या मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ स्वतःच्या कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्यांची पद्धत. मग डोळे उघडून सांगतात, "बेअरिंग गेलंय," आणि खरंच तेच गेलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र काम सुरू केलं तेव्हा मी धास्तावले होते, पण फोन कधी थांबला नाही. फ्रिज म्हणू नका, ओव्हन म्हणू नका, वॉशिंग मशीन म्हणू नका. लोक कौतुकाने सांगतात, डॉक्टर कुणाला नाही म्हणत नाहीत. खरं आहे. तो शब्द त्यांच्या तोंडात बसतच नाही. बसतो तो फक्त घरी.

आणि या डॉक्टरांच्या घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं.

सुरुवातीला मी थट्टेवारी नेलं. "तुमच्या दवाखान्यात माझा नंबर कधी लागणार?" असं विचारायचे. ते हसायचे. पुढे हसेनासे झाले. "पार्ट मिळत नाही गं," म्हणायचे, "ते मॉडेलच बंद झालंय. शोधतोय मी." म्हणताना माझ्याकडे न बघता स्टूलावर ठेवलेली हत्यारांची बॅग आवरायला लागायचे. मला वाटायचं, गडी दमलाय. शेजारणीने एकदा टोमणा मारला तर मी तिच्यावरच घसरले. "जुनं मॉडेल आहे, त्यातलं तुम्हाला काय कळणार?" मला तरी कुठे कळत होतं? पण नवऱ्याची बाजू घेताना माझा आवाज जरा जास्तच चढतो.

एरवी चालून गेलं असतं. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. पायांतली ताकद गेलीय आणि लघवी कळत नाही. रोजच्या चादरी. त्याही जाड, भिजल्या की उचलवत नाहीत. जाड चादर एकटीने पिळायची नसते, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, हे मला लग्नानंतर याच बाईंनी शिकवलं होतं. आता मी एकटीच पिळत होते. साबणाने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त यायचं. चादर बदलताना सासूबाई भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायच्या. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी दूधवाल्यापासून हवामानापर्यंत काहीबाही बडबडत राहायचे.

पण मी काही देवमाणूस नाही. एका सकाळी चादर वाळत घालून आले तर पुन्हा तेच. मी बाथरूममध्ये गेले आणि बादली आदळली. चांगली जोरात आदळली. बाथरूम आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. नंतर मला फार वाईट वाटलं, पण जाऊन दोन शब्द बोलायचं धाडस काही झालं नाही.

त्यानंतर चादरी कमी झाल्या. मी मनात म्हटलं, चला, औषध लागू पडलं. अधूनमधून तपासायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "जीभ कोरडी पडलीय यांची, पाणी पाजा." मला रागच आला. मी उशाशी बाटली भरून ठेवते, संध्याकाळपर्यंत ती रिकामी होते, आणखी काय करायचं? खोलीला तर उलट बरे दिवस आले होते. सासूबाईंच्या पलंगाला लागून असलेल्या खिडकीतलं कुंडीतलं झाड, जे कायम मरगळलेलं असायचं, तेसुद्धा तरारून आलं होतं.

माझे हात मात्र बरे होईनात. शेवटी मी ते केलं.

जिन्यात एक स्टिकर चिकटवलेलं होतं, 'घरगुती उपकरणे दुरुस्ती'. त्यावरचा नंबर फिरवला. डॉक्टरची बायको चोरून दुसऱ्याकडून औषध आणते, तसला प्रकार. नवरा लांबच्या कामावर जाणार होता तोच दिवस ठरवला. संध्याकाळी त्यांना सांगणार होते की मशीन आपोआप सुरू झालं. दुरुस्ती करणाऱ्याच्या बायकोने असं सांगायचं म्हणजे कमालच, पण मला दुसरं काही सुचलं नाही. तो माणूस आला तेव्हा मी आधी शेजारणीचं दार बंद आहे का ते बघितलं आणि मगच त्याला आत घेतलं.

उंच, काटकुळा, कमी बोलणारा माणूस होता. जमिनीवर स्वतःचं फडकं अंथरलं, हत्यारं मांडली आणि आधी विचारलं, "ताई, याआधी कोण बघत होतं? दुसऱ्याचं गिऱ्हाईक असेल तर त्याला विचारल्याशिवाय हात लावत नाही मी. आमच्यात तसं असतं."

असतं, हे मला माहीत होतं. माझा नवराही हे पथ्य पाळतो.

"होता एक," मी म्हटलं. "आता बघत नाही."

एवढं सहज खोटं माझ्या तोंडून बाहेर पडलं की मलाच नवल वाटलं.

त्याने मशीन पुढे ओढलं, मागचा पत्रा काढला आणि आत बॅटरी मारली. मग दार उघडून तिथेही बघितलं. मग परत मागे.

"ताई, हे बिघडलेलं नाही. हे रिकामं आहे."

"म्हणजे?"

"पाणी बाहेर टाकणारा पंप नाही. बोर्ड नाही. दाराचं लॉक नाही, पट्टासुद्धा नाही. नुसता डबा उरलाय." त्याने मला वाकून बघायला लावलं. "आणि कसं काढलंय बघा. एकेक वायर गुंडाळून, टोकाला टेप लावून. घाईतला चोर असं करत नाही. जो येत होता त्याने सावकाश, एकेक करून नेलंय. तुमच्या डोळ्यांदेखत. त्याला परत दारात उभा करू नका."

निळी टेप होती. प्रत्येक तुकड्याचं टोक किंचित आत दुमडलेलं, पुढच्या वेळी सोडवताना नखाने उकरत बसायला नको म्हणून. आमच्या घरात साखरेच्या पिशवीपासून चष्म्याच्या दांडीपर्यंत सगळीकडे तीच टेप आहे आणि तेच दुमडलेलं टोक.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि नवरा आत आला. वीज तपासायचं मीटर घरी विसरला होता, असं नंतर कळलं.

तो माणूस झटकन उठला. "डॉक्टर! तुम्ही? अहो, हे तुमचं गिऱ्हाईक आहे का? शपथ, मला माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, आता कोणी बघत नाही."

नवऱ्याने उघडं मशीन बघितलं. मला बघितलं. त्या माणसाच्या हातातली बॅटरी बघितली. हातातली घराची किल्ली त्यांनी हळूच खिशात सोडली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"हो," ते म्हणाले. "माझंच गिऱ्हाईक आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही आधी मला फोन करायचा होता."

ताई! लग्नाच्या नवऱ्याने मला माझ्याच घरात ताई म्हटलं.

मी तिथल्या तिथे त्यांची खरडपट्टी काढायला हवी होती. पण चोरून दुसऱ्याला घरात घेतल्याची लाज मलाही होतीच, आणि जिभेला खोट्याची चव नुकतीच लागली होती. "तुम्ही येतच नव्हता," मी म्हटलं. "किती वेळा सांगायचं माणसाने?"

"कामं फार होती हो, ताई."

"आमचं काम तेवढं दिसलं नाही."

बिचारा तो माणूस आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता. मग आवाज खाली आणून माझ्या नवऱ्याला म्हणाला, "डॉक्टर, पण हे कुणीतरी आतून धुऊन नेलंय. तुमचं गिऱ्हाईक म्हटल्यावर नाव तुमचं खराब होईल. कोण होता शोधून काढा."

"बघतो मी," नवरा म्हणाला. कपाळावर घाम होता.

आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. पाय गेले तरी कान शाबूत आहेत त्यांचे.

"आलास का रे बाळा? चप्पल दाराबाहेर काढ. तुझ्या बायकोने आत्ताच फरशी पुसलीय."

मग माझ्या नवऱ्याने खाली वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या.

त्या माणसाने पत्रा परत बसवला. सगळे स्क्रू लावले, एकही सैल ठेवला नाही. फडकं घडी करून बॅगेत टाकलं. जाताना आमच्या दोघांच्याही तोंडाकडे न बघता म्हणाला, "मी इथे आलोच नव्हतो, डॉक्टर." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने आमची लाज राखली, म्हणून ती दुपटीने बोचली.

दार लागल्यावर ते मशीनशेजारच्या स्टूलावर बसले.

"आधी लॉक काढलं," ते सांगायला लागले. मी विचारलंही नव्हतं. "एका बाईंचं मशीन अडलं होतं, घरात जुळी बाळं. म्हटलं, दोन दिवसांत नवीन आलं की आपलं आपल्याला लावू. नवीन आलं तर तेवढ्यात दुसऱ्याचा फोन. मग पंप. मग बोर्ड. कंपनीत असताना मागे गोदाम असायचं. आता गोदाम कुठून आणू?"

"म्हणून घराचं गोदाम केलंत."

"लोक खूश व्हायचे गं. डॉक्टरांनी लगेच केलं म्हणायचे."

"आणि मला सांगितलंत, मॉडेल बंद झालंय."

त्यांनी मान हलवली. या माणसासाठी मी शेजारणीशी भांडले होते. मी संतापून तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी पुन्हा हाक मारली आणि आम्ही दोघं आत गेलो.

"तो दुसरा माणूस गेला का?" त्यांनी विचारलं. "झालं का मशीन?"

"का गं, आई?"

"झालं असेल तर जरा पाणी दे मला. पोटभर प्यावंसं वाटतंय."

नवऱ्याला समजलं नाही. "बाटली आहे की उशाशी."

"ती मी झाडाला घालते. प्यायलं की चादर भिजते. मग तिला ती बादली..." सासूबाई थांबल्या. माझ्याकडे बघणं त्यांनी टाळलं. ओठांवरून कोरडी जीभ फिरवली आणि मुलाला म्हणाल्या, "तिचे हात बघितलेस का तू कधी?"

मी खिडकीतल्या झाडाकडे बघत होते. हिरवंगार. रोज बघत होते आणि मनातून खूश होत होते. चादरी कमी झाल्या म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला होता, आणि इथे ही बाई तहानेने सुकत पडली होती, माझ्या एका बादलीच्या आवाजामुळे. मला स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते कळेना. नवरा माझ्या हातांकडे बघायला लागला तेव्हा मी ते मागे घेतले. त्या क्षणी त्यांना रागवायचा हक्क मला राहिला आहे असं वाटलं नाही.

ते स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले. पेला आईच्या ओठांना लावला.

"झालं, आई," ते म्हणाले. "मशीन झालं. पी तू."

सासूबाई घटाघटा प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलं तेही त्यांनी हाताने पुसून जिभेला लावलं. नवरा दुसरा पेला आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. मी बघितलं तर नळ सोडून नुसते उभे होते.

दुपारी चादर भिजली. मी बदलली. नवऱ्याने ती माझ्याकडून घेतली, बाथरूममध्ये नेली आणि बादली इतकी हळू टेकवली की मलाही ऐकू आली नाही. त्यांचा फोन वाजला. साबणाच्या हातांनी त्यांनी तो कानाला लावला. "पार्ट नाही माझ्याकडे," म्हणाले. "मागवलाय. पण तो आधी आमच्या घरी लागणार." पलीकडचा माणूस गयावया करत असावा. "नाही," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, "नाही जमणार." जीभ अडखळत होती.

मी सासूबाईंजवळ बसले होते. त्यांनी भिंतीकडे कान टवकारले.

"मशीनचा आवाज येत नाही गं?"

"तुमच्या लेकाने दुरुस्त केलंय," मी म्हटलं. "आवाज कसा येईल?"

हातातल्या पेल्यातलं उरलेलं पाणी त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि पेला त्यांनी माझ्याकडे दिला.

"जा," म्हणाल्या. "दुसरं टोक धर जा. जाड चादर एकट्याला पिळता येत नाही."

मी बाथरूमच्या दारात गेले. ते उकिडवे बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मान खाली घालूनच त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मग माझ्या बोटांच्या भेगा दिसल्या आणि ते टोक परत ओढून घ्यायला लागले. मी सोडलं नाही.

"पिळा," मी म्हटलं. "ताईच्या हातांकडे काय बघताय?"

ते पिळायला लागले. मान काही वर आली नाही.